ड्रुइड : ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली?

मेनाईकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

वेल्समधल्या बँगोर गावी राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. गावातून खाली उतरलं की मेनाईची सामुद्रधुनी लागते. पलीकडे अँगलसी बेट. वेल्श लोक त्याला अनिस मोन म्हणतात, रोमन लोक मोना म्हणत. पाणी दिसायला आपल्या कोकणातल्या एखाद्या खाडीइतकंच रुंद, पण ओढ विलक्षण. भरती-ओहोटी पालटताना मधोमध भोवरे उठतात.

इ.स. ६० च्या सुमारास रोमन सुभेदार सुएटोनियस पॉलिनस फौज घेऊन याच काठावर आला. पायदळासाठी त्याने सपाट तळाच्या होड्या बांधल्या. घोडेस्वार उथळ जागी पाण्यातून चालत आणि खोल जागी घोड्यांच्या बाजूने पोहत निघाले. समोरच्या किनाऱ्यावर काय होतं ते टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. हत्यारबंद माणसांची दाट फळी, त्यांच्यामधून काळी वस्त्रं नेसलेल्या, केस मोकळे सोडलेल्या, हातात पलिते घेऊन धावणाऱ्या बायका, आणि भोवती आकाशाकडे हात उंचावून शापवाणी उच्चारणारे ड्रुइड, म्हणजे तिथल्या लोकांचे पुरोहित-पंडित. रोमन सैनिक जागच्या जागी थिजले. मग सेनापतीने चेतवलं, त्यांनी एकमेकांना धीर दिला, आणि पुढे जी कत्तल व्हायची ती झाली. बेटावर ठाणं बसलं. ड्रुइडांच्या देवराया तोडून टाकल्या. टॅसिटसचा सासरा अग्रिकोला तरुणपणी याच पॉलिनसच्या हाताखाली ब्रिटनमध्ये अधिकारी होता, त्यामुळे हे वर्णन घरातल्याच माणसाकडून ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

हे वाचून मी त्या काठावर गेले तेव्हा एकच विचार मनात आला. या प्रसंगाची एकच बाजू शिल्लक आहे. हात उंचावून उभ्या असलेल्या त्या माणसांनी कोणते शब्द उच्चारले, कोणत्या देवाला हाक मारली, यातलं एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे काही सांगितलं जातं, ते त्यांना जिंकणाऱ्यांनी तरी लिहिलं किंवा दुरून कुतूहलाने बघणाऱ्यांनी तरी. आणि तरीही जगभर दोन चित्रं ठाम बसली आहेत: एक पांढऱ्या दाढीचा ज्ञानी ऋषी, दुसरं माणसं जाळणारा क्रूर पुरोहित. दोन्ही चित्रं कुठून आली ते नीट बघावं, म्हणून हा धागा.

सगळ्यात सविस्तर माहिती ज्युलियस सीझरची. इ.स.पू. ५८ पासून तो गॉल (साधारण आजचा फ्रान्स) जिंकत होता. त्याच्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात तो सांगतो की गॉलमध्ये मान फक्त दोन वर्गांना, सरदारांना आणि ड्रुइडांना. यज्ञ-बळी, सार्वजनिक असोत की घरचे, ड्रुइडांशिवाय होत नाहीत. खून, वारसा, शेताची हद्द, सगळे तंटे तेच सोडवतात. निवाडा न मानणाऱ्याला यज्ञाला बंदी, आणि तशा माणसाशी कोणी बोलत नाही, कोणी त्याच्या वाऱ्याला उभं राहत नाही. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात, तेच. त्यांना कर नाही, लढाईची सक्ती नाही. वर्षातून एकदा कार्न्यूट जमातीच्या मुलखात, म्हणजे आजच्या शार्त्र-ऑर्लेआँच्या बाजूला, पवित्र जागी सगळ्यांची सभा भरते. सगळ्यांवर एक मुख्य ड्रुइड. तो वारला की सर्वांत योग्य माणूस गादीवर बसतो, बरोबरीचे अनेक असले तर मतं घेतात, आणि कधीकधी हत्यारंही उपसतात.

शिकायला पोरं झुंडीने येतात आणि काही जण वीस वीस वर्षं शिकतात. प्रचंड संख्येने श्लोक पाठ करायचे. लिहायचे मात्र नाहीत. इतर व्यवहारांत ते ग्रीक लिपी वापरत, म्हणजे अक्षरओळख होती. सीझर याची दोन कारणं देतो: विद्या भलत्यांच्या हाती पडू नये, आणि लिहिलेल्यावर विसंबून स्मरणशक्ती ढिली पडू नये.

श्रद्धांबद्दल तो मुख्य म्हणून एकच सांगतो. आत्मा मरत नाही, मृत्यूनंतर एकातून दुसऱ्यात जातो. हे पटलं की मरणाची भीती उरत नाही, म्हणून ते शूर. शिवाय तारे, त्यांच्या गती, पृथ्वीचा आकार, देवांचं सामर्थ्य यांवर त्यांच्या चर्चा चालतात.

आता मला खटकणारी गोष्ट. इतकं वर्णन करणारा सीझर प्रत्यक्ष लढायांच्या हकिकतीत एकाही ड्रुइडाचं नाव घेत नाही. पण एक ड्रुइड त्याच्या रोजच्या बैठकीत होता! एड्यूई जमातीचा डिव्हिशियाकस हा सीझरचा मित्र आणि सल्लागार. सीझर त्याच्याबद्दल भरभरून लिहितो, पण तो ड्रुइड होता हे कुठेच सांगत नाही. ते आपल्याला कळतं सिसेरो या रोमन वक्त्या-लेखकाकडून. हा माणूस मदत मागायला रोमला आला होता, तेव्हा तो सिसेरोचा पाहुणा होता. सिसेरो लिहितो की त्याला निसर्गाचं ज्ञान असल्याचा त्याचा दावा होता, आणि काही शकुनांवरून, काही तर्काने तो भविष्य सांगे. नाव माहीत असलेला, चेहरा कल्पिता येईल असा प्राचीन गॉलमधला हा एकच ड्रुइड. त्याचा सख्खा भाऊ डुम्नोरिक्स रोमनांच्या विरुद्ध उभा राहिला. इ.स.पू. ५४ मध्ये सीझरच्या माणसांनी त्याला मारलं, तेव्हा तो ओरडत होता, मी स्वतंत्र माणूस आहे, स्वतंत्र राज्याचा आहे. एका घरातले हे दोन भाऊ. देवराईतला गूढ म्हातारा या चित्रात यांतलं काय बसतं?

तुम्हाला माहीत असलेलं लिहा, शंका विचारा. यातलं काही चुकलं असेल तर मोकळेपणाने दुरुस्त करा.

---

रानपाखरू

ताई, फार सुंदर सुरुवात. मी वनस्पतींच्या वाटेने ड्रुइडांपर्यंत पोचले, म्हणून माझी भर तिथलीच.

प्लिनी या रोमन लेखकाने मिसलटो तोडण्याच्या विधीचं वर्णन केलंय. मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणारं. ओक वृक्षावर ते क्वचित उगवतं, म्हणून तसं सापडलं की मोठा सोहळा. चंद्राची सहावी तिथी धरायची. झाडाखाली नैवेद्य मांडायचा, ज्यांची शिंगं पहिल्यांदाच बांधली आहेत असे दोन पांढरे बैल आणायचे. पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापतो आणि खाली ते पांढऱ्या कापडात झेलतात, जमिनीला लागू देत नाहीत. मग बैलांचा बळी. या वनस्पतीला ते सर्व रोग बरं करणारी म्हणत. वांझ जनावराला ती पाजली तर ते गाभण राहतं अशी समजूत होती.

सोनं मऊ, त्याने फांदी कापणं अवघड, म्हणून विळा कांस्याचा आणि वर मुलामा असावा असं बरेच जण म्हणतात. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. कोकणात आमच्या आंब्यावर बांडगूळ दिसलं की बाबा कोयता घेऊन धावतात, झाड पोखरतं म्हणून. पण पानगळीच्या देशात हिवाळ्यात सगळा ओक उघडाबोडका उभा असताना त्याच्या एका फांदीवर हिरवागार झुपका, मातीला न शिवलेला! तिथल्या माणसाला ओकाचा जीव त्या झुपक्यात जाऊन राहिलाय असं वाटलं असेल, तर मला ते समजू शकतं.

---

शिलेदार

उत्तम धागा. पण मूळ मुद्दा राहिला. ऋग्वेदातले द्रुह्यू दाशराज्ञ युद्धानंतर वायव्येला गेले आणि तेच पुढे युरोपात ड्रुइड झाले, असं मी अनेक ठिकाणी वाचलंय. द्रविड आणि ड्रुइड हे शब्दही किती जवळचे! आत्म्याचं अमरत्व, पुनर्जन्म, मौखिक परंपरा, वीस वर्षांचं गुरुकुल. एवढं साम्य योगायोगाने येत नाही. यावर तुमचं मत वाचायला आवडेल.

---

मेनाईकाठ

रानपाखरू, हिवाळ्यातल्या हिरव्या झुपक्याचं अगदी मनातलं लिहिलंत. इथे सफरचंदाच्या बागांत पानगळ झाली की ते गोळे लांबून दिसतात.

शिलेदार, तुमचा प्रश्न येणार याची खात्री होती आणि तो यायलाच हवा होता. द्रुह्यूंचा सिद्धान्त मला पटत नाही. द्रुह्यू शब्दात ‘द्रुह्’ म्हणजे द्रोह करणं, वैर धरणं हा धातू आहे. ड्रुइड शब्दाची बांधणी वेगळी. भाषाशास्त्रज्ञ त्याचं जुनं केल्टिक (गॉल, ब्रिटन, आयर्लंडच्या जुन्या भाषांच्या घराण्यातलं) रूप ‘द्रु-विद्’ असं मांडतात. त्यातला ‘विद्’ म्हणजे जाणणं, आपल्या वेद, विद्या, विद्वान यांतलाच. ‘द्रु’ म्हणजे झाड किंवा ओक, आपल्या द्रुम, दारू (लाकूड), देवदार यांच्या नात्यातला. काही जण इथे ‘द्रु’चा अर्थ ‘भक्कम, पुरतं’ असा घेतात. म्हणजे ड्रुइड म्हणजे वृक्षज्ञ किंवा पूर्णज्ञ. द्रविड शब्दाशी त्याचा संबंध नाही.

नातं आहे, पण ते चुलत्यांचं. संस्कृत आणि केल्टिक या एकाच जुन्या घरातून फुटलेल्या भाषा आहेत, त्यामुळे शब्द दोघींकडे आले. एक दुसरीची लेक ठरत नाही. मला तर हेच जास्त हृद्य वाटतं.

पुनर्जन्माच्या साम्याबद्दल जरा थांबून बघू. सीझर म्हणतो आत्मा दुसऱ्यात जातो. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार म्हणतो, ठरावीक वर्षांनी नव्या देहात येतो. ल्युकन हा कवी म्हणतो, तोच आत्मा दुसऱ्या कुठल्याशा जगात अवयव चालवतो आणि मृत्यू हा दीर्घ आयुष्याचा फक्त मध्य असतो. म्हणजे याच जगात परत येणं की पलीकडच्या जगात जगत राहणं, यावर जुने लेखकच एकमताचे नाहीत. अंत्यविधीच्या चितेत लोक मेलेल्या नातेवाइकांना लिहिलेली पत्रं टाकत, ती त्यांना वाचता यावीत म्हणून. उसनं दिलेलं परलोकात फेडायच्या बोलीवर व्यवहार होत. हे पुनर्जन्मापेक्षा शेजारच्या गावी राहायला जाण्यासारखं वाटतं. आणि कर्माचा हिशेब, या जन्मीच्या पाप-पुण्यावर पुढचा जन्म ठरतो हा विचार, ड्रुइडांच्या नावावर कोणीच नोंदवलेला नाही. आपल्याकडे पुनर्जन्माचा कणा तोच आहे.

एक खरा दुवा मात्र देते. ड्रुइडांना आणि भारतातल्या तपस्व्यांना एका ओळीत बसवणारे पहिले लोक आपण नव्हे. ते ग्रीक. डायोजिनस लाएर्शियस लिहितो की भारतातले नग्न तत्त्वज्ञ आणि ड्रुइड कोड्यांतून शिकवतात: देवांचा मान राखा, वाईट वागू नका, शौर्य अंगी बाणवा. पायथागोरसने गॉल लोकांकडून आणि ब्राह्मणांकडून ऐकून घेतलं, असंही एका ग्रीक लेखकाच्या आधारे अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो. ‘दूरदेशी कुठेतरी खरे ज्ञानी राहतात’ ही ग्रीकांची आवड होती. ज्ञानी ऋषीचं चित्र तिथून सुरू झालं.

---

गोदाकाठ

वय ७१. नाशिककर. आजोबा दशग्रंथी होते, त्यामुळे पाठांतर म्हणजे काय ते घरात पाहिलेलं आहे.

मेनाईताई, वीस वर्षांचं मला नवल वाटलं नाही. माझ्या आजोबांची बारा वर्षं गेली होती. संहिता, पद, क्रम, जटा, घन असे पाठ का केले? एक शब्द, एक स्वरही हलू नये म्हणून. तोच शब्द पुढून, मागून, जोडीने म्हटला की चूक लपत नाही. ड्रुइडांनी पद्यात बांधून ठेवलं, कारण छंद चूक पकडतो. हे बुद्धीचं काम आहे, नुसतं घोकणं नव्हे.

पण तुमचा लेख वाचून रात्री झोप लागेना. आमच्याकडेही लिहिण्याला नाक मुरडणारे होते, पण शेवटी पोथ्या लिहिल्या गेल्या. त्यांनी लिहिलं नाही, आणि शिकवणारे एका पिढीत संपले. वीस वर्षं लागणारी विद्या. मधली वीस वर्षं कोणी गुरूला जगू दिलं नाही, की संपलं. अँगलसीवर ज्या दिवशी ती माणसं मेली, त्या दिवशी किती हजार श्लोक मेले असतील, हा विचार माझ्याच्याने करवत नाही.

---

नंदिनी_पु

गोदाकाठ काका, तुमचा प्रतिसाद वाचून भरून आलं.

तरीही एक बाजू मांडते, कारण ती कोणी मांडली नाही तर धागा एकांगी होईल. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. नरबळी हा विषय आपण वळसा घालून पुढे जातोय.

सीझर लिहितो की गॉलमधले लोक संकटात, आजारात, लढाईआधी माणसाच्या जिवाच्या बदल्यात माणसाचा जीव देत. वेताच्या फांद्यांचे प्रचंड पुतळे विणून त्यात जिवंत माणसं भरून पेटवून देत. गुन्हेगार मिळाले तर ते, नाही तर निरपराधही. डायोडोरस सांगतो की बळीच्या छातीखाली शस्त्र खुपसून त्याचं कोसळणं, अवयवांचे झटके आणि रक्ताचा ओघ यांवरून भविष्य बघत. टॅसिटस मोनाच्या वेद्यांवर कैद्यांचं रक्त होतं म्हणतो. बरेच जण म्हणतात, ही सगळी रोमन बदनामी. बदनामीचा हेतू होताच. पण जमिनीतून काय आलं तेही बघावं लागेल.

उत्तर फ्रान्समध्ये रिबमाँ-सूर-आंक्र इथे शेकडो माणसांचे सांगाडे निघाले, डोकी नसलेले. जवळच्या गुर्ने-सूर-आराँद इथल्या पवित्र आवारात मुद्दाम वाकवलेली, मोडलेली सुमारे २००० हत्यारं आणि कापलेली माणसांची हाडं मिळाली. हे शत्रूचे मुडदे देवाला वाहिलेले असू शकतात, म्हणजे लढाईत मेल्यावर वाहिलेले. तो वाद चालू आहे. इंग्लंडमध्ये चेशायरच्या लिंडो दलदलीत १९८४ साली पीट (दलदलीत साठलेली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) खोदताना एक माणूस सापडला, कातडीसकट टिकलेला. विशीतला तरुण, नखं नीट कातरलेली. डोक्यावर घाव, गळ्याला फास, गळा चिरलेला. पोटात भाकरीसारख्या धान्याच्या पदार्थाचे अंश आणि मिसलटोचे परागकण. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काहींनी त्याला सरळ ड्रुइडांचा बळी ठरवलं. परागकण जेमतेम चार होते, ते पाण्यातून किंवा अन्नातूनही गेले असतील. मारणारा ड्रुइड होता हे कशावरूनही सिद्ध होत नाही. पण एका माणसाला कोणीतरी इतक्या पद्धतशीरपणे मारून दलदलीत ठेवलं, हे तर समोर आहे.

माझं मत: नरबळी होत असावेत. किती, कधी, आणि त्यात ड्रुइडांचा हात नेमका कितपत, हे पुरावा सांगत नाही. आपल्याला आवडणाऱ्या लोकांचे हात आपणच धुऊन काढू नयेत.

---

मेनाईकाठ

नंदिनी, हा प्रतिसाद धाग्यात हवाच होता. तुमच्याशी सहमत आहे.

फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसलंय तेवढं जोडते. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत हार झाल्यावर रोमनांनी स्वतःच्या शहरात, गुरांच्या बाजारात, एक गॉल जोडपं आणि एक ग्रीक जोडपं जिवंत पुरलं. रोमन इतिहासकार लिव्हीनेच ते लिहिलंय. नरबळीवर रोमन सिनेटने बंदी घातली ती इ.स.पू. ९७ मध्ये, म्हणजे सीझर गॉलमध्ये उतरण्याआधी चाळीसेक वर्षं. सीझरच्या त्या मोहिमेत दहा लाख माणसं मारली गेली आणि तितकीच गुलाम झाली, असा आकडा प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार देतो. आकडा फुगलेला धरला तरी, वेताच्या पुतळ्यांची हकिकत सांगणारा माणूस हा होता.

पुढच्या बंद्याही सरळ दिसत नाहीत. सम्राट ऑगस्टसने रोमन नागरिकांना या धर्माची मनाई केली. पुढचा सम्राट टायबेरियसने ड्रुइड आणि तसले वैदू-भविष्यवेत्ते संपवल्याचं प्लिनी सांगतो. सम्राट क्लॉडियसने तो धर्म पुरता मिटवला असं सुएटोनियस हा चरित्रकार (सुभेदार पॉलिनस नव्हे, दुसरा) लिहितो. तीन तीनदा मिटवावं लागलं, म्हणजे एकदा मिटला नसणार. इ.स. ६९-७० च्या धामधुमीत रोममधलं कॅपिटॉल टेकडीवरचं मुख्य देऊळ जळालं, तेव्हा आता सत्ता आल्प्सपलीकडच्या लोकांकडे जाणार असं भाकीत ड्रुइड करत होते, ही टॅसिटसचीच नोंद. माझ्या मते खरी भीती ही होती. जमाती आपसांत लढत, पण न्याय देणारे, सभा भरवणारे आणि पोरांना शिकवणारे लोक सगळ्या जमातींना सामाईक होते.

---

सागरवेळ

पंचांगाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी: कोलिन्यीचं पंचांग.

१८९७ साली फ्रान्समध्ये कोलिन्यी गावी ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे सापडले. जोडल्यावर एक मोठं कोष्टक झालं, सोळा स्तंभांचं. गॉलिश भाषा, रोमन अक्षरं, काळ इसवी सनाचं दुसरं शतक. पाच वर्षांचे ६२ महिने आहेत. बारा पंचे साठ, वरचे दोन अधिक मास! दर अडीच वर्षांनी एक. महिने चांद्र, काही ३० दिवसांचे, काही २९ चे. तीस दिवसांच्या महिन्यापुढे ‘मात्’, बहुतेक चांगला या अर्थी, आणि एकोणतीसच्या पुढे ‘अन्मात्’, म्हणजे चांगला नसलेला. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, मधे ‘अतेनू’ हा शब्द. आपल्या पक्षांसारखंच.

हे ड्रुइडांनीच केलं असं त्यावर लिहिलेलं नाही. पण सूर्य-चंद्राचा असा मेळ घालायला पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणं लागतात, आणि गॉलमध्ये तारे बघणारे म्हणून सीझर एकाच वर्गाचं नाव घेतो. म्हणून माझ्या दृष्टीने हा त्यांच्या विद्येच्या सगळ्यात जवळ जाणारा पुरावा. त्यात ना ऋषी आहे, ना खाटीक. दिवस मोजणारा माणूस आहे.

---

मेनाईकाठ

सागरवेळ, तुम्ही हे लिहिलंत आणि मला गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट आठवली.

सीझर म्हणतो की गॉल लोक काळ दिवसांनी मोजत नाहीत, रात्रींनी मोजतात. आधी रात्र, मागून दिवस. मी वेल्श शिकायला जाते. वर्गात आठवड्याला शब्द आला ‘उइथनॉस’. बाईंनी फोड सांगितली: उइथ म्हणजे आठ, नॉस म्हणजे रात्र. आठ रात्री! आणि दोन आठवड्यांना ‘पिथेव्नॉस’, पंधरा रात्री. वर्गात सगळ्यांनी विचारलं, सातच्या ऐवजी आठ कशा? मला विचारावं लागलं नाही. आपणही आठवडा म्हणतो, पंधरवडा म्हणतो. दोन्ही टोकं धरून मोजायची. बाईंना फळ्यावर ‘आठ-वडा’ लिहून दाखवलं तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मोजायची ही रीत फ्रेंचांतही आहे, त्यामुळे यावरून काही सिद्ध करायचं नाही. पण सीझरने नोंदवलेली रात्रींची मोजणी इथल्या माणसांच्या तोंडात दोन हजार वर्षं टिकून आहे.

---

मोगरी

ड्रुइड बायका होत्या का? काळ्या वस्त्रांतल्या त्या बायका कोण?

---

कोजागिरी_डब्लिन

मोगरी, टॅसिटस त्यांना ड्रुइड म्हणत नाही. पोम्पोनियस मेला हा लेखक फ्रान्समधल्या ब्रिटनीजवळच्या सेना बेटावरच्या नऊ कुमारी पुजारिणींबद्दल लिहितो, वादळ उठवणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या; पण त्यांनाही ड्रुइड म्हणत नाही. आयरिश कथांत मात्र ‘बनद्री’ हा शब्दच आहे, स्त्री-ड्रुइड.

आयर्लंडचं थोडं सांगते, कारण इथे रोमन फौज आलीच नाही. ड्रुइड इथे तलवारीने संपले नाहीत, हळूहळू उतरत गेले. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरच्या कथांमध्ये कथबाद हा राजाचा ड्रुइड दिसतो. त्याच्या आधी बोलायची राजालाही मुभा नाही. पण या कथा लिहून काढल्या त्या ख्रिस्ती मठांत. सातव्या-आठव्या शतकातल्या कायद्यांत ड्रुइडाचा दर्जा कारागिरांच्या पंक्तीत खाली आलाय, आणि संत पॅट्रिकच्या नावाने चालणाऱ्या जुन्या प्रार्थनेत बायका, लोहार आणि ड्रुइड यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितलंय. बायकांना कोणत्या रांगेत बसवलंय ते बघा.

मात्र त्यांच्या विद्येचे वाटेकरी टिकले. ‘फिली’ म्हणजे कवी, आणि ‘ब्रेहन’ म्हणजे न्याय देणारे. फिली बारा बारा वर्षं कथा आणि छंद पाठ करत शिकायचे. गोदाकाठ काका, सगळे श्लोक एका दिवशी मेले नाहीत, असं मला वाटतं.

---

टेम्सवरून

मी जूनमध्ये स्टोनहेंजला, इंग्लंडमधल्या त्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी, सूर्योदय बघायला गेलो होतो. पांढऱ्या झग्यातले ड्रुइड होते, प्रार्थना म्हणत होते. मग ते कोण? आणि स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधलं नाही का?

---

मेनाईकाठ

कोजागिरी, काकांना दिलेल्या उत्तराबद्दल मनापासून आभार.

टेम्सवरून, स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले इ.स.पू. २५०० च्या सुमारास. ड्रुइडांचे सगळ्यात जुने उल्लेख इ.स.पू. २०० च्या आसपासचे. मधे दोन हजारांहून जास्त वर्षं. दोघांची गाठ घातली ती सतराव्या शतकात जॉन ऑब्री या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने, आणि घट्ट केली तशाच विल्यम स्टकलीने १७४० च्या पुस्तकातून. इंग्लंडला आपला एक प्राचीन, शहाणा, देशी पूर्वज हवा होता. मग पांढरी दाढी आली, देवराईऐवजी दगडांचं वर्तुळ आलं.

वेल्समध्ये हे काम एका पाथरवटाने केलं. एडवर्ड विल्यम्स, टोपणनाव इयोलो मॉर्गानुग. अफाट वाचलेला, उत्तम कवी, आणि बेमालूम बनावट हस्तलिखितं लिहिणारा. १७९२ साली त्याने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर दगड मांडून ‘गोर्सेद’ म्हणजे कवी-ड्रुइडांची सभा भरवली आणि ती प्राचीन परंपरा असल्याचं सांगितलं. १८१९ पासून ती वेल्श साहित्य-संगीताच्या मेळ्याला, आयस्टेथवॉदला, जोडली गेली.

बनावट होतं, हे आज वेल्श माणसं मोकळेपणाने सांगतात. तरी मी २०१७ मध्ये अँगलसीवरच, बोदेदर्नला, तो मेळा भरला तेव्हा गेले होते. पांढऱ्या, निळ्या, हिरव्या झग्यांतले कवी. मुख्य ड्रुइडासमोर मोठी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढतात आणि तो लोकांना विचारतो, शांतता आहे का? हजारो माणसं एका आवाजात उत्तर देतात, ‘हेधूख’, शांतता. असं तीनदा. मग तलवार म्यानात जाते आणि जिंकलेल्या कवीला खुर्चीवर बसवतात. कविता वेल्शमध्ये, सगळा सोहळा वेल्शमध्ये. जी भाषा शाळेत बोलली म्हणून पोरांना शिक्षा होत असे, तिचा हा सन्मान. मी रडले. इयोलोने खोटे कागद केले, हे चूकच. त्या कागदांच्या आधाराने एक भाषा ताठ उभी राहिली, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि स्टोनहेंजला तुम्हाला भेटलेल्या माणसांची प्रार्थना त्यांची स्वतःची आहे, आजची आहे. इंग्लंडमध्ये ‘ड्रुइड नेटवर्क’ या त्यांच्या संस्थेला २०१० मध्ये धार्मिक संस्था म्हणून नोंदणी मिळाली.

---

रानपाखरू

ताई, पुढच्या वर्षी वेल्सला येण्याचा विचार आहे. अँगलसीवर ड्रुइडांच्या काळातलं बघण्यासारखं काही आहे का?

---

मेनाईकाठ

नक्की या. कळवा, मी सोबत येईन.

लिन केरिग बाख नावाचं छोटं तळं आहे, बेटाच्या पश्चिमेला, विमानतळाच्या कुंपणाला लागून. तिथे बघायला तसं काही नाही. लव्हाळी, खडक, थोडं पाणी, आणि डोक्यावरून सारखी जाणारी लढाऊ विमानं. १९४२ मध्ये युद्धासाठी ही धावपट्टी बांधत होते. रेताड जमिनीवर पसरायला तळ्यातलं पीट उपसलं, आणि त्यातून दीडशेच्या आसपास वस्तू निघाल्या. तलवारी, भाले, रथांच्या चाकांच्या लोखंडी धावा, कढया. खडकावरून पाण्यात वाहिलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या. शेवटच्या काही पॉलिनस इथे आला त्या सुमाराच्या असू शकतात.

पहिल्यांदा हाती लागली ती एक लोखंडी साखळी. कामगारांना ती साधीच वाटली. चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ट्रॅक्टरला जोडून ओढायला त्यांनी ती वापरली, आणि ती तुटली नाही. ती आता वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. तिला पाच कड्या आहेत, एकेका माणसाची मान अडकवण्याएवढ्या.